नऊ नंबरची हजेरी

वाशीमला आमचं कार्यालय ज्यांच्या माडीवर आहे त्या शांतीलालजींचं खाली कापडाचं दुकान आहे. अकरा वर्षांत त्यांना माझं काम कळलेलं नाही. गिऱ्हाईक नसलं की ते वर येतात, पंख्याखाली बसतात आणि माझ्या पडद्याकडे पाहत राहतात.

"भाऊ, तुमचा माल कोनता?"

"नोंदी."

"इकता कोनाले?"

"विकत नाही. गोळा करतो."

"अन् ठेवता कुठी?"

"दुसऱ्याच्या कोठारात. क्लाउड म्हणतात त्याला."

"म्हनजे माल दुसऱ्याचा, कोठारही दुसऱ्याचं. मंग तुमचं काय?"

"मोजणं."

"हे बेस हाय," असं म्हणून ते खाली जातात. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा हेच प्रश्न.

या अंकाच्या वाचकांनाही तोच प्रश्न पडला असेल, म्हणून आधी काम सांगतो. आमच्या कंपनीकडे नळयोजनांची देखरेख आहे. मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतली एकतीस पंपघरं माझ्याकडे येतात. प्रत्येक पंपघरात चार यंत्रं: मोटरची पेटी, टाकीतल्या पाण्याची उंची मोजणारी काठी, दाराला लावलेलं चुंबक, आणि बोटाच्या ठशावर चालणारं हजेरीचं यंत्र, ज्याला सगळे 'थम' म्हणतात. यातलं प्रत्येक यंत्र काही घडलं की एक ओळ लिहितं. मोटर सुरू झाली, एक ओळ. दार उघडलं, एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला वेळ, तासापासून सेकंदापर्यंत. या चौघांना एकमेकांची भाषा येत नाही. भिंतीवरची एक छोटी पेटी त्यांच्या ओळी उचलते, कुठल्या पंपघराची, कुठल्या यंत्राची ते चिकटवते आणि मोबाईलच्या जाळ्यावरून कोठारात पाठवते. तिथे एकतीस ठिकाणच्या ओळी एकाच रांगेत लागतात. सगळ्या आल्या का, वेळेप्रमाणे लागल्या का, एखादी दोनदा तर आली नाही ना, हे मी पाहतो. संध्याकाळी कार्यालय सोडण्यापूर्वी प्रत्येक यंत्राच्या त्या दिवशीच्या ओळींची संख्या मी वहीत लिहितो. वहीची सक्ती नाही. माझी सवय आहे.

बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटेल. मलाही पहिले सहा महिने वाटलं. मग एक गोष्ट लक्षात आली, आणि तेव्हापासून हे काम मी पूर्ण निर्धास्त मनाने कधी केलेलं नाही. एका यंत्राच्या ओळींतून काहीच कळत नाही. पण चौघांच्या ओळी एकाखाली एक लागल्या की त्यांतून माणूस चालताना दिसतो. सहा वाजून आठ मिनिटांनी दार. सहा-दहाला थम. सहा-चौदाला मोटर. म्हणजे आला, हजेरी लावली, मग चार मिनिटं काहीतरी केलं. काय केलं ते लिहिलेलं नसतं. सतरा नंबरचा पंपचालक दार उघडल्यावर अकरा मिनिटं काहीच करत नाही, हे मला माहीत आहे. तो तिथे बसून काय करतो ते मी कधी विचारलं नाही. चेहरे लक्षात नसलेल्या एकतीस माणसांच्या चालीची मला ओळख आहे.

पहिल्याच वर्षी सहा नंबरने मला घाबरवलं. तिथे टाकी आधी भरायची आणि मोटर नंतर सुरू व्हायची. रोज. साडेपाच तासांनंतर. मोटर बंद, दार बंद, आणि टाकीतलं पाणी सेंटीमीटर-सेंटीमीटर वर चढतंय. तीन दिवस ते पाहत बसलो. चौथ्या दिवशी साडेपाच हा आकडा डोक्यात बसला आणि स्वतःवरच हसलो. एका यंत्राचं घड्याळ जागतिक वेळेवर होतं, दुसऱ्याचं आपल्या. पण ते तीन दिवस मी हसत नव्हतो, हेही खरं.

दुसरी गोष्ट पोहरादेवीच्या बाजूच्या एका पंपघराची. वैशाखात तिथलं दार रोज दुपारी एक-सव्वाच्या सुमारास उघडायचं आणि पाच-साडेपाचला बंद व्हायचं. थम नाही, मोटर नाही. नुसतं दार. पंपचालक म्हणाला, "साहेब, कुलूप लावून चाबी मी घरी नेतो." शेवटी मी त्याच्याकडून चावी घेतली, आत बसलो, बाहेरून कुलूप लावून घेतलं आणि मोबाईलवर ओळी पाहत राहिलो. भर दुपार, पत्र्याचं दार, बाहेर पाखरू बोलत नव्हतं. एक वाजून एकोणीस मिनिटांनी मोबाईलवर ओळ आली: दार उघडले. माझ्यासमोरचं दार बंद होतं. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि ते बंद होतं. पत्रा उन्हाने फुगतो आणि चुंबक बोटभर सरकतं, हे मला तिथेच कळलं, पण मांडीचे केस उभे राहिलेले होते ते खाली बसायला वेळ लागला. चुंबक बदललं. कारण सापडलं की भीती जाते असं लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. कारण सापडतं आणि भीती भीतीच्या जागी राहते.

आता नऊ नंबर.

मेडशीहून आत सात किलोमीटरवर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं तिथेच आहेत. तिथला पंपचालक किसन. त्याची चाल मला तोंडपाठ होती. सहा-आठला दार, सहा-दहाला थम, सहा-चौदाला मोटर, दहा-चाळीसला परत थम आणि दार. खाडा नाही. एकतीस जणांत सर्वांत नेटका. मनातल्या मनात मी त्याला पहिला नंबर देऊन टाकला होता.

त्या वर्षी मे महिन्यात मुख्य कार्यालयातून कमी झालेल्या कर्मचाऱ्यांची यादी आली. अकरा नावं होती, त्यांची खाती हजेरी यंत्रांतून काढायची होती. कुणी काम सोडलेलं, कुणी बदलून गेलेलं. सातवं नाव किसनचं, आणि पुढे लिहिलं होतं 'मयत'. तारीख एकेचाळीस दिवसांपूर्वीची.

मी त्या दिवशी सकाळचीच ओळ पुन्हा उघडली. सहा वाजून दहा मिनिटं. किसन, हजर.

माझ्यासारखा माणूस अशा वेळी आधी यंत्रावर संशय घेतो. जाळं नसलं की पेटी ओळी साठवून ठेवते आणि मग उशिरा पाठवते, अडकलेल्या टपालासारखी. पण प्रत्येक ओळीवर दोन शिक्के असतात, लिहिल्याचा आणि पोचल्याचा. दोन्ही आजचे होते. दुसऱ्या पंपघराची पेटी नऊच्या नावाने बोलत असेल का, तेही तपासलं. नव्हती. मग चारही यंत्रांच्या ओळी एकाखाली एक लावल्या. दार, थम, मोटर, आणि सहा-बावीसपासून टाकीत चढणारं पाणी. एकेचाळीस दिवस. मेल्यावर माणसाच्या चालीत अर्ध्या मिनिटाचाही फरक नव्हता.

मग ती तारीख उघडली. ज्या दिवशी किसन गेला त्या दिवशी: सहा-दहा हजर, दहा-चाळीस परत. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अंत्यविधीच्या दिवशी: सहा-दहा, दहा-चाळीस. आणि त्याखाली आणखी दोन ओळी. दुपारी एक-बावन्न, हजर. तीन-पाच, परत.

कोठारात होतं तेवढं सगळं चाळलं. किसनच्या हजेरीत दुपारची नोंद एवढी एकच.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिने पोळी ताटात ठेवली आणि म्हणाली, "अशा गोष्टी जेवतानी सांगत जाऊ नका." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "जाऊन पाहून या एकडाव. तुमाले झोप थोडीच येनार हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटरसायकल काढली. गावाच्या अलीकडे नदीकाठी पंपघर दिसतं. सहाला पाच कमी असताना मी रस्त्याकडेच्या बाभळीखाली उभा राहिलो. उजेड चांगला पडला होता. पंपघराचं दार मला समोर दिसत नव्हतं, फक्त मागची भिंत आणि पत्र्याची कड. वाटेवर माणूस नव्हता. मोबाईल हातात धरला. सहा-आठला ओळ आली: दार उघडले. मी वाटेकडे पाहिलं. कुणी गेलेलं नव्हतं. सहा-दहा: किसन, हजर. सहा-चौदाला मोटरचा घुमारा कानावर आला आणि त्याच क्षणी मोबाईलवर ओळ. इतकी वर्षं मी हे नुसतं वाचलं होतं. कानाने ऐकलं ते पहिल्यांदा.

मोबाईल खिशात टाकला आणि वाटेला लागलो. वाट नदीच्या बाजूनेही होती, हे पोचल्यावर कळलं. आत एक बाई पाठमोरी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी वॉल्व्ह फिरवत होती. भिंतीवरच्या हजेरीच्या यंत्राचा छोटा पडदा विझलेला होता. 

"कोन व्हय?" तिने मान न वळवता विचारलं.

"वाशीमहून आलो. कंपनीचा."

"या. चपला नोका काढू, खाली वलं हाय. करंट मारते."

"किसन..." मी म्हणालो.

"त्याइले जाऊन दीड महिना होऊन राह्यला. मी त्याइची मालकीन, सुनंदा."

"पण हजेरी लागते त्यांची."

"मीच त लावून राह्यली." तिने उजव्या हाताची तर्जनी पदराला पुसली आणि यंत्रावर टेकवली. पडदा उजळला. किसनचा चेहरा, खाली किसनचं नाव. दोन सेकंद. बोट तिचं, चेहरा त्याचा. ती त्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"तुमचं बोट त्यांच्या नावावर कसं?"

आता तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. "तुमीच त घेतलं व्हतं, भाऊ. वयखलं नाही?"

मी ओळखलं नव्हतं. तिने सांगितलं ते असं. नऊ वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीसमोर टेबल टाकून मी बसलो होतो. आसपासच्या गावांतली चाळीस माणसं रांगेत. किसनने आधीची वीस वर्षं विहिरी बांधण्यात, चुना-सिमेंट कालवण्यात घालवलेली. "त्याइच्या बोटावर रेघच नव्हती राह्यली. तुमी धाई बोटं पाह्यले. पुसू पुसू पाह्यले. मंग तुमी मनले, घरचं कोनी हाय का संगं? मी चाऱ्याचा भारा घेऊन उभी व्हती. तुमी मनले, या बाईचं लावा, यादी पुरी होऊ द्या, मांगून बदलू."

"मग?"

"मंग तुमी आलेच नाही."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. पाऊस आला नाही, तसं सांगत होती.

"मंग काय, रोज त्याइच्यासंगं मले यावं लागे. बोट माह्यापाशी नं! दोन वर्सं नुसती बोट लावाले आली. रिकामं उभं राहून काय करू? वाल्व फिरवाले लागली. मोटर शिकली. मंग त्याइच्या छातीत दुखाले लागलं, तवापासून मीच. तीन वर्सं झाले."

"गावात माहीत आहे?"

"गावाले काय, सोयऱ्यायले बी माहीत हाय. तुमालेच नव्हतं."

मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी खरं म्हणजे आलो होतो. दुपारी एक-बावन्न.

ती वॉल्व्हवर हात ठेवून उभी होती. "माती दुपारची व्हती. घरी पाव्हने इतले आले की सकायचं पानी सकायीच सरलं. मानसं मसनातून परत येतीन त अंघोय कायनं करतीन? समदे मने, कोन जाईन मोटरीवर. सासू मने, आज तरी बस वं. म्या मनलं, आत्याबाई, मी बसली त पानी येते का?" मोटरचा आवाज किंचित बदलला. तिने न पाहता वॉल्व्ह अर्धा आटा फिरवला आणि आवाज पूर्ववत झाला. "लोकाइच्या अंघोयीले त्याइच्याच नावानं पानी सुटलं. बरं झालं नं?"

 ती तास-सव्वा तासाची नोंद मी कार्यालयात पंख्याखाली बसून दहा वेळा वाचली होती, आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला होता. आता कारण कळलं होतं. काटा तसाच होता.

निघताना तिने विचारलं, "पैल्या तारखेपासून दुसरा मानूस येऊन राह्यला मनतात. खरं का?"

मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की खरं होतं.

"त्याले नोका आनू, भाऊ. मले राहू द्या. या मोटरीचं दुखनं मले माहीत हाय. नवा मानूस जायून टाकीन तिले."

वाशीमला येऊन मी जुनी फाईल उघडली. नोंदणीच्या दिवसाचीसुद्धा नोंद असते. खाते ०९-०२, किसन. बोट नाकारले. नाकारले. नाकारले. अशा एकोणतीस ओळी, मोजून. मग दुपारी चार-बावन्न: स्वीकारले, प्रत उत्तम. खाली माझ्या नावासह शेरा: चाळीसपैकी चाळीस यशस्वी. ती दुपार मला आठवत नाही. बाई आठवत नाही, चाऱ्याचा भारा आठवत नाही. त्या दिवसाचं एकच आठवतं: साहेबांनी फोनवर शाब्बास म्हटलं होतं. आकड्यांत कधी फसवणूक केली नाही असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो होतो, आणि समोर माझीच ओळ होती. ती मी लिहिली होती आणि मला तिची ओळख नव्हती.

साहेबांना फोन केला. ते अकोल्याला बसतात, माणूस वाईट नाही. सगळं ऐकून म्हणाले, "जागा भरायची तर अनुभव लागतो. निदान एक वर्षाचा. कागदावर दाखवा."

इथे माझी दुसरी करणी आडवी आली. कोठारात ओळी किती दिवस ठेवायच्या ते ठरवता येतं. जास्त दिवस ठेवल्या की भाडं वाढतं. चार वर्षांपूर्वी मीच बैठकीत सुचवलं होतं की नव्वद दिवस पुरे. सगळ्यांनी मान डोलावली होती. तेव्हापासून रोज कोठाराच्या एका टोकाने नवा दिवस आत येतो आणि दुसऱ्या टोकाने एक दिवस कायमचा पुसला जातो. सुनंदाबाईंची तीन वर्षं अशी माझ्या देखरेखीखाली, एकेक दिवस करून, पुसली गेली होती. नव्वद दिवस शिल्लक होते, आणि तेही मयताच्या नावावर.

वह्या होत्या. त्यांत नाव नव्हतं, नुसते आकडे: नऊ नंबर, थम, दोन. नऊ नंबर, थम, दोन. तीन वर्षांचे. साहेब म्हणाले, "यावर बाईचं नाव कुठे आहे?"

"नाव मी सांगतो," मी म्हणालो. "लेखी."

दोन पानी पत्र लिहिलं. एकोणतीस नाकारलेल्या ओळी जोडल्या, तिसावी जोडली. 'यादी पूर्ण करण्यासाठी मी दुसऱ्या व्यक्तीचे बोट नोंदवले. ही चूक माझी आहे, मयत किसन यांची किंवा त्यांच्या पत्नीची नाही. या खात्यावरची प्रत्येक हजेरी त्यांच्या पत्नीने प्रत्यक्ष जागेवर येऊन लावली आहे.' बायकोने वाचलं. म्हणाली, "तुमाले कोनी इचारलं व्हतं?"

"नाही."

"मंग कायले लिवता? नौकरीचे आठ वर्सं राह्यले."

 पत्र पाठवलं.

बारा दिवस काही आलं नाही. पहिली तारीख सहा दिवसांवर असताना दोन कागद एकदम आले. एक मला लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंद घेऊन. दुसरा सुनंदाबाईंना तात्पुरती नेमणूक, एका अटीवर: पहिल्या तारखेपूर्वी त्यांच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बोटाने रीतसर नोंदणी व्हावी. नाही झाली तर ठरलेला माणूस रुजू होईल.

मी तीस तारखेला गेलो. आधी जायला हवं होतं. यंत्राची परवानगी उशिरा आली.

पंपघरात सुनंदाबाई, तिची सासू आणि शेजारच्या चार-पाच बाया जमल्या होत्या. मी नवं खातं उघडलं, नाव टाकलं, तिने तर्जनी टेकवली. यंत्राने लाल दिवा दाखवला. 'हे बोट आधीच नोंदलेले आहे: किसन.' एक बोट दोघांच्या नावावर यंत्र ठेवत नाही. तिला आत घ्यायचं तर त्याला काढावं लागणार होतं.

मी तिला तसं सांगितलं.

"थांबा," ती म्हणाली. "आजचं पानी त्याइच्या नावानं सुटलं हाय. बंद बी त्याइच्याच नावानं होऊ द्या."

आम्ही दहा-चाळीसपर्यंत बसलो. तिने मोटर बंद केली, बोट टेकवलं, त्याचा चेहरा उजळला आणि विझला. मग मी खातं काढलं. यंत्र विचारतं: खात्री आहे का? मी तिच्याकडे पाहिलं. तिने 'होय'चं बटन स्वतः दाबलं.

आणि मग तिची तर्जनी लागेना.

जुनी प्रत नऊ वर्षांपूर्वीची होती, ठसठशीत. तिच्याशी आजचं बोट अर्धंमुर्धं जुळलं तरी यंत्र ओळखत होतं. पण नवी प्रत घ्यायला स्वच्छ रेघा लागतात, तीनदा. सात वर्षं वॉल्व्ह फिरवून, ओल्यात राबून तिचं बोट किसनसारखं झालं होतं. नाकारले. नाकारले. दुसरं बोट. नाकारले. अंगठे. नाकारले. किसन यंत्रातून गेला होता आणि सुनंदा यंत्रात येत नव्हती. त्या क्षणी नऊ नंबरला कुणीच नव्हतं.

उन्ह चढलं. पत्रा तापून तडतडायला लागला. बाया आधी हसत होत्या, मग जवळ येऊन तिच्या बोटांकडे पाहू लागल्या. एक म्हातारी पुढे आली आणि हात पसरून म्हणाली, "माह्यं घे नं बापा. माह्या बोटाले कोनतं काम हाय आता? तुही यादी पुरी कर."

सासू म्हणाली, "नाही त पोरीचं लावा तिच्या. घरचंच त हाय."

सव्वीस वेळा नाकारल्यावर ते ऐकताना किती सोपं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. नऊ वर्षांपूर्वी मी वाईट हेतूने केलं नव्हतं. उन्ह असंच असणार, आणि रांगही.

"नाही," मी म्हणालो. "यांचंच पाहिजे."

साबणाने हात धुवायला लावले. पुसून कोरडे केले. मग म्हटलं, बोटं केसांवरून फिरवा, तेलाचा अंश लागू द्या. मी सांगेन ते ती करत होती.  एकतिसावी वेळ, डाव्या हाताची अनामिका, नाकारले. सदतिसावी, करंगळी. हिरवा दिवा. पुन्हा टेकवा. हिरवा. पुन्हा. हिरवा.

पडद्यावर तिचं नाव आलं. तिने ते वाचलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "करंगयी का? तिले कधी काम नव्हतं मनून वाचली."

याला आता दोन वर्षं झाली. सुनंदाबाई कायम झाल्या नाहीत, पण काढल्याही गेल्या नाहीत. मोटर ठीक आहे. ओळी कोठारात आता चारशे दिवस राहतात. तेवढं मी भांडून करून घेतलं.

नऊ नंबरला सकाळी सहा-आठला दार उघडतं. सहा-अकराला हजेरी लागते, डाव्या करंगळीची. त्यांच्यामध्ये सहा-दहाला आणखी एक ओळ असते: बोट ओळखले नाही. पहिले काही दिवस मला वाटलं सवय आहे, उजवा हात आपोआप पुढे जात असेल, जाईल हळूहळू. महिना झाला. वर्ष झालं. एकदा दुसऱ्या कामासाठी फोन केला तेव्हा म्हणालो, "वहिनी, डाव्या हाताची करंगळी."

"माहीत हाय मले," ती म्हणाली, आणि वॉल्व्हच्या पॅकिंगबद्दल बोलायला लागली.

एका ठिकाणी आठवड्यात पाचपेक्षा जास्त अनोळखी बोटं लागली तर साहेबांकडे आपोआप सूचना जाते, चौकशी होते. तो नियम मीच घातला आहे. एकतीसपैकी तीस पंपघरांना तो लागू आहे. नऊ नंबरला मी तो काढून ठेवला आहे, कुणाची परवानगी न घेता, आणि हे इथे पहिल्यांदाच लिहितो आहे. रोज सकाळी सहा-दहाला ती ओळ येते, कुणाचंच नाव नसलेली. एका मिनिटाने सुनंदाबाई हजर होतात.